डावी बाजू

उणे सत्तावीस. केमीच्या बसथांब्यावर
हत्यारांची पिशवीसुद्धा कुरकुरत होती.
सकाळी इर्याचा फोन: "डावा गेला."
मला आधी वाटलं डोळा,
मग वाटलं गुडघा.
बहात्तराव्या वर्षी बहिणीचं काहीही जाऊ शकतं.
"स्पीकर रे," म्हणाली, आणि फोन ठेवला.

कागदगिरणीत एकतीस वर्षं वीज सांभाळली,
त्यातून एवढंच हाती लागलं:
एका वेळी एकच गोष्ट बदलायची.
दोन बदलल्या आणि सुरू झालं
तर कशानं झालं ते कळत नाही,
आणि न कळलेलं पुन्हा बिघडतं, शक्यतो रविवारी.

म्हणून आधी स्पीकरांची अदलाबदल.
रेइनोनं स्वीडनहून आणलेली ती दोन धुडं,
एकाच्या डोक्यावर कॉफीच्या किटलीचं पांढरं वर्तुळ.
वर्तुळवाला ओढत उजवीकडे नेला.
गायला की! अगदी खर्जापर्यंत स्वच्छ.
बिचारा उगाच बदनाम.
त्याच्या जागी बसवलेला त्याचा भाऊ
आता मुका.

मग मागच्या पिना.
तांबडी पांढरीच्या घरात, पांढरी तांबडीच्या.
तरी शांतता डावीकडेच.
म्हणजे दुखणं तारेत नाही,
पोटात आहे.

इर्या सोफ्यावर मोजा विणत होती.
"थापट मारली की लागतो," मान वर न करता म्हणाली.
"दाखव."
ती उठली, पाय घासत आली,
ॲम्प्लिफायरच्या डाव्या खांद्यावर एक चापट,
आणि अ‍ॅकॉर्डियन आत आला
बाहेर बर्फात इतका वेळ ताटकळल्यासारखा.
चार ओळी. पुन्हा गेला.
"किती वर्षं मारतेस?"
"बरीच."

प्लग काढला. कपॅसिटर निवेपर्यंत
दोन कप कॉफी, वेलचीचा पाव,
आणि पुतण्याच्या घटस्फोटाची साद्यंत हकिगत.
मग झाकणाचे सहा स्क्रू. सहावा नव्हताच.
आत राखाडी धूळ, एक वाळलेली माशी,
एक विणकामाचा टाका मोजायचा कडा.
"अगं, हा शोधत होते मी," इर्या म्हणाली.

पुन्हा वीज जोडली.
एक हात खिशात. (गिरणीतली सवय;
दोन्ही हात आत घालणारा वैनो
आम्ही फुलं घेऊन पोचवला.)
दुसऱ्या हातात इर्याची लाकडी सुई,
सर्किटवर टुक, टुक,
डॉक्टर पाठीवर बोट वाजवतो तसं.
इथे काही नाही. इथे नाही.
इथे खर्र.

भिंग लावलं.
पिनेभोवती केसाएवढी चीर,
शिशाचा जाडजूड गोळा,
मध्येच घाईनं उचललेलं टोक.
असा डाग कोण देतं मला ठाऊक आहे.
झाकण उलटं केलं. आतून पेन्सिलीनं:
११ मार्च १९८४. ता.

ता म्हणजे ताइस्तो.
ताइस्तो म्हणजे मी.
त्या दिवशी बर्फाला भोक पाडून मासे धरायला जायचं होतं,
रेइनो दारात जाकीट घालून उभा,
"झालं का? झालं का?"
मी म्हणालो होतो, झालं.

चाळीस वर्षं.
नाताळला जेवलो इथे, रेइनोला पुरून आलो ते इथेच,
आणि ती एकदाही म्हणाली नाही.

जुनं शिसं उपसलं, पिन खरवडली,
नवा डाग दिला; आणि थांबलो,
तो गोठून चकचकेपर्यंत श्वास धरून थांबलो.
तारीख मात्र लिहिली नाही.

दोन्ही बाजू लागल्या.
इर्यानं सुया मांडीवर ठेवल्या.
एक गाणं पुरतं, दुसरं अर्धं.
"हा बाजेवाला एवढं वाजवतो?" म्हणाली.
"मध्ये मध्ये फार येतो गं बाई."

स्वयंपाकघराकडे जाता जाता
तिचा तळवा त्या डाव्या खांद्यावर पडलाच.
"आता मारायला नको," मी म्हणालो.
"मारत नाहीये."

सहा चाळीसची बस केव्हाच गेली होती.
सहाव्या स्क्रूच्या जागी मी
तिच्या शिवणाच्या डब्यातलं काय बसतं ते बघत राहिलो.