गुडघ्यासाठी

स्खेल्डे नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत, खाटकाला लागून
ओडिलोनचं सायकलचं दुकान.
मी आत शिरले तेव्हा तो चाकाच्या तारा
एकेक करून बोटानं छेडत होता,
कोणती ढिली बोलते ते ऐकत.
"चड्डी हवी," मी म्हणाले. "गादीवाली. लांब पल्ल्याची."
आणि उगाचच खिडकीबाहेर पाहिलं.

तीस वर्षं टपाल वाटलं मी सायकलवरून,
पण तेव्हा दर चौथ्या दाराशी उतरावं लागायचं.
उतरणं हेच औषध होतं, हे आत्ता कळतंय.
आता लेकीबरोबर सलग ऐंशी किलोमीटर,
मध्ये दगडी रस्ते, पावाच्या लादीसारखे फुगलेले,
आणि घरी परतल्यावर
ना चढ आठवतो ना पवनचक्क्या,
आठवते ती एकच जागा,
जिचं नाव आमच्या घरात कुणी घेत नाही.

सगळ्यांत जाड गादीवर मी हात ठेवला.
उशीच जवळजवळ.
"सोफ्यावर बसून कुणी चढ चढलंय?" ओडिलोन म्हणाला.
"जाड गादी आधी लाड करते,
मग चुरगळते, मग घासते."

खोक्याचा पन्हळी पुठ्ठा त्यानं स्टुलावर टाकला.
"बसा. थोडं पुढे वाका. टाचा वर."
बसले मी, लुतगार्ट, टपालखात्यातून निवृत्त,
पुठ्ठ्यावर, अंड्यांवरच्या कोंबडीसारखी.
उठले तर दोन खळगे.
त्यानं खडूनं खुणा केल्या, पट्टी लावली.
"साडेतेरा सेंटिमीटर. तुम्ही या दोन हाडांवर बसता, बाई.
बाकीचं सगळं नुसतं सोबतीला येतं."

आजवर भावाची जुनी चड्डी घालत होते,
हे सांगितल्यावर त्यानं डोळे मिटले.
मग छताकडे बघत, छतालाच सांगितल्यासारखं,
"आत दुसरं काही घालायचं नाही."
छतानं ऐकलं. मीही.

पडद्याआड तीन जोड्या.
पहिलीची शिवण नेमकी नको तिथे,
दुसरीचे खांद्याचे पट्टे असे, की सरळ उभी राहिले
तर कुणी मागून ओढतंय असं वाटावं.
"उभ्यानं आरशात बघू नका," बाहेरून आवाज आला.
"वाका. हँडल धरल्यासारख्या.
उभ्यानं छान वाटते ती उभं राहायची चड्डी."
तिसरीत वाकले, आणि काहीच झालं नाही.
कुठे काही टोचलं नाही, सरकलं नाही.
मागे एक आकडा, तो काढला की पट्टे सुटतात,
म्हणजे मक्याच्या शेताआड जाकीट उतरवायला नको.
हे ज्या कुणाला सुचलं,
ती बाईच असणार.

ज्याचं जळतं त्याला कळतं.
पैसे मोजताना मी ओडिलोनला विचारलं,
"तुम्हाला कसं एवढं?"

"आमच्या वेळी आत कातडं असायचं.
धुतलं की वाळून खारवलेल्या माशासारखं कडक.
शनिवारी रात्री आई चुलीपाशी बसून
त्याला मलम चोळायची, मऊ होईपर्यंत.
त्या वर्षी ती दवाखान्यात होती.
मी तसंच घातलं.
पहिल्या पाचांत होतो, तीस किलोमीटर राहिले होते,
आणि खाली उतरलो.
लोकांना सांगितलं, गुडघा."

मशीनमधून पावती हळूहळू बाहेर येत होती.

"अजून विचारतात गल्लीत,
ओडिलोन, गुडघा काय म्हणतो?
थंडीत दुखतो, म्हणतो मी.
कधी कधी थोडा लंगडतोसुद्धा,
त्यांना बरं वाटावं म्हणून."

घरी फिरमिननं पावती चष्म्याजवळ धरली.
"एकशे चाळीस? कशासाठी?"
मी बटाटे सोलत होते.
"गुडघ्यासाठी."

त्यानं काळजीनं माझ्याकडे पाहिलं,
उठला,
आणि माझ्या पायाखाली
एक स्टूल सरकवलं.