काचेची पट्टी

आमच्या बीतोममध्ये घरं तिरकी असतात.
खालून कोळसा काढला, वर टेबलं कलली;
सांडलेला वाटाणा खिडकीकडेच जातो,
हे पोरासोरांनाही पाठ.
भिंतीला तडा गेला की पालिकेचा माणूस येतो,
तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवतो, तारीख लिहितो.
पट्टी फुटली,
तर घर अजून हलतंय.

यागोदाच्या पोटातल्या बाळाच्या पाठीत तडा आहे.
पडद्यावर राखाडी धुरळा, धुरळ्यात मणक्यांची ओळ
आणि कमरेपाशी ती ओळ उसवलेली.
सोनोग्राफीच्या बाई बोलता बोलता थांबल्या.
असं थांबणं मी ओळखतो.
खाणीत मुकादम थांबायचा, छताला कान लावून.

आज सकाळी तिला आत नेलं.
जावई ट्रक घेऊन जर्मनीत कुठेतरी, वाटेवर.
पोटात तीन भोकं, पेन्सिलीएवढी;
एकातून कॅमेरा नि दिवा, दोनांतून हात,
म्हणजे हात नव्हेत, हातांची टोकं.
थोडं पाणी काढून आत गॅस भरतात म्हणे,
दिसायला जागा व्हावी म्हणून.
गॅस!
एकतीस वर्षं मी गॅसला भ्यालो.

डॉक्टर गोलोम्बेकना विचारलं, टेकू कशाचा देता?
ते हसले नाहीत.
म्हणाले, अडकलेला मज्जारज्जू सोडवायचा,
मग कातडी ओढून शिवायची,
पुरली नाही तर ठिगळ.
ठिगळ मला समजतं.
आणि पाय?
"गेलेलं परत येत नाही, एवाल्डबाबा.
पुढची पडझड थांबवता येईल. कदाचित."
त्या 'कदाचित'चे मी मनातल्या मनात आभार मानले.
खोटं बोलणारा माणूस तो शब्द वापरत नाही.

पिंजऱ्यातून खाली उतरताना आम्ही म्हणायचो,
देव यश देवो.
बंद दारापाशी मी तेच म्हटलं,
टोपी हातात घेऊन,
आणि साफसफाईची बाई फरशी पुसता पुसता
वळून म्हणाली, देवो.

साडेतीन तासांनी यागोदाचे ओठ सुकलेले, डोळे अर्धे.
अजून दहा-बारा आठवडे बाळ आतच हवं, म्हणाले.
ऐक रे पोरा, किंवा पोरी,
आम्हाला सगळ्यांना वर यायची घाई असायची.
तू करू नकोस.

रात्री घरी आलो. दिवा लावायच्या आधी
बॅटरीचा झोत टाकला भिंतीवर.
पट्टी शाबूत होती.
तरी बोट फिरवून पाहिलं,
वरून खाली, हळूच,
जणू पाठ आहे कुणाची.