पत्रपेटीवर पित्रे

ह्यूस्टनपासून सहा तास.
शेवटच्या तासात दोन्ही बाजूंना पाणीच
आणि मधोमध रस्ता, कुणी विसरून गेलेल्या फूटपट्टीसारखा.
लुइझियानाचं हे टोक, कोकोड्री. इथून पुढे
नकाशा नुसता निळा होतो.

बारा फुटी खांबांवर चढून बसलेलं एक घर,
खाली गंजकी पत्रपेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात
पी, आय, टी, आर, ई.
मी करकचून ब्रेक दाबला.
पित्रे!
या चिखलात, या डासांत, कोळंबीच्या होड्यांच्या गर्दीत
कोण हा कोकणस्थ येऊन राहिलाय?
मनात वाक्य जुळवत जिना चढलो:
नमस्कार, आपण मूळचे कुठले?

दार उघडलं एका म्हातारीनं,
गुडघ्यापर्यंत पांढरे रबरी बूट, हातात सुरी.
युलाली. वय एक्याऐंशी.
"पीट," ती म्हणाली. "मागची अक्षरं लिहायची असतात,
बोलायची नाहीत."
नमस्कार माझ्या तोंडातच राहिला.
"आलायस तर बस. तो कुत्रा चावत नाही."

मी तरीही विचारलंच, मूळच्या कुठल्या?
"अकादीच्या," ती म्हणाली, कोळंबी सोलता सोलता,
डोकी एका बादलीत, अंगं दुसऱ्या.
"वर, थंडीत. खाजणाला बांध घालून
आम्ही समुद्राकडून शेतं मागून घेतली होती.
सतराशे पंचावन्नात इंग्रज आले.
नवरा एका जहाजात, बायको दुसऱ्या."
सांगत होती गेल्या मंगळवारचं सांगावं तसं.
"आमच्यात त्याला ग्राँ देरांजमाँ म्हणतात."
मोठी उठाठेव, मी मनात मराठी केलं.
केवढा सभ्य शब्द.
जणू पाहुणे आले
आणि सतरंज्या जरा सरकवाव्या लागल्या.

"शाळेत फ्रेंच बोललं की
मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायचे.
म्हणून पोरांना शिकवलीच नाही.
आता याच्याशी बोलते." कुत्र्यानं एक कान हलवला.
"याला सगळं कळतं."

माझी मुलगी डॅलसला असते.
फोनवर "कसे आहात" म्हणते, मग इंग्रजीत शिरते.
तिला कुणी मक्यावर बसवलं नव्हतं.

मग युलालीनं फडताळातून बरणी काढली.
झाकण फिरलं, आणि वास आला
तो थेट सोड्यांचा.
बायको रेवदंड्याची. सांगलीच्या आमच्या घरात
सोड्यांचा डबा गव्हाच्या पिंपात लपवायची.
आईला ठाऊक होतं. आई बोलली नाही कधी.
दोघीही गेल्या. मी एक सोडा
बराच वेळ चघळत बसलो.

"माझी आई ती तिथे." सुरीनं तिनं पाण्याकडे दाखवलं.
लांब, लव्हाळ्यापलीकडे, एक पांढरा ठिपका.
"दफन केलं तेव्हा जमीन होती.
आता नोव्हेंबरात चुन्याची बादली घेऊन होडीनं जातो.
वादळात एकदा मामाची पेटी तरंगत
पार शेजारच्या अंगणात आली होती. बोलका होता तो."
ती हसली. मलाही हसावं लागलं.

पित्रे वाचलं होतं मी.
एक मात्रा गळाली, र सुटा झाला,
की पितर.

निघताना तिनं सोडे पावाच्या रिकाम्या पिशवीत बांधून दिले.
"आणि तुम्हाला? तुम्हाला कुणी हाकललं?"
कुणी नाही, मी म्हणालो.
आम्ही रांगा लावल्या होत्या.
पहाटे चारपासून, कागदपत्रं छातीशी धरून.

ती काही बोलली नाही.
मग खाली वाकून कुत्र्याला
आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, हळू,
आणि कुत्रा
माझ्याकडे बघत राहिला.