थेंबांची बोटं

सुन्वाने तेलरंग घरीच ठेवले.
या वाऱ्यात कॅनव्हास म्हणजे शीड;
मागच्या मंगळवारी उडाला तो समुद्रात,
खडूंचा डबा घेऊन.

आज मांडीवर टॅबलेट, वाऱ्याकडे पाठ.
समोर फेरोचा काळा कडा, माथ्यावर गवत.
हिरवा अजून जमत नाही:
पडद्यावरचा हिरवा
ओला म्हणून होत नाही.

मग खाली लाट फुटली.
तुषार काचेवर आले
आणि काचेला ती बोटंच वाटली.
वेड्यावाकड्या रेघा, एक ठिपका,
कड्याच्या पोटात मध्येच पांढरी चीर.

पुसायला एक टिचकी पुरली असती.
तिने हात खिशात घातले.

मेंढ्या हाकून परतताना बार्दुर थांबला,
चष्मा कपाळावर चढवून बघत राहिला.
"ही चीर आहे तिथे," म्हणाला,
"पण ती होडीतूनच दिसते.
तू कधी गेलीस?"