गेट नंबर दोन, बाहेरचा रस्ता

फाट्यापासून आत, जिथं आधी संत्र्याची कलमं होती,
तिथं आता फायबरचा डायनासोर मान वळवतो
दर पंधरा मिनिटांनी,
लाइन असली तर.
बाहेर पडायचा रस्ता माझ्या दुकानातूनच जातो.
मालकानं मुद्दाम तसा ठेवला.

माझ्या छातीवर 'रोशनी' लिहिलंय.
रोशनी लग्न होऊन उमरेडला गेली, बिल्ला राहिला.
मी पंचशीला.
गिऱ्हाइकाला काय त्याचं.

जानेवारीत सहली येतात.
आज झेडपीची शाळा, ढोक मॅडमची,
एका शिट्टीमागं बासष्ट पोरं,
घसरगुंडीच्या पाण्यानं भिजलेली, दात वाजणारी,
चपलांतून फचफच आवाज.
'हात लावू नका' मी सकाळपासून म्हणत होते.
एक पोरगी म्हणाली,
"हातात घेतल्याबिगर कापसाचा भाव सांगते का कोनी?"
मग मी म्हणणं सोडलं.

तिनंच तो काचेचा गोळा उचलला, उलटा केला, सुलटा केला.
आत वाघ. वाघावर पांढरं पांढरं काही पडत राहतं.
"हे काय होय?"
बर्फ, मी म्हटलं.
ती बराच वेळ बघत राहिली.
"गारा हायेत थ्या," तिनं मला सांगितलं,
आणि ठेवून दिला, जपून, जागच्या जागी.
एकशे ऐंशी रुपये.
मे महिन्यात त्यातलं पाणी आपोआप अर्धं होतं.
वाघ मग गळ्यापर्यंतच भिजतो.

सगळे गेल्यावर एकजण उरला. अंकुश टेकाम.
नाव मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं,
जसं बँकेत सांगतात.
कंपासपेटीत चाळीस रुपये, चार घड्या.
त्यानं मोराची किल्ली-साखळी विचारली, डायनासोरची टोपी विचारली,
'आय लव्ह यू डॅड'चा कप विचारला,
घ्यायचं नव्हतं त्याचाही भाव विचारला.
मग वाघाचं चुंबक.
"हे कशाले चिटकते?"
फ्रीजला.
"फ्रीज त नाही आमच्याइथं."
मग लोखंडाला. कुठल्याही.
तो विचारात पडला.
"कोठीले चिटकन का? ज्वारीच्या?"
"चिटकन ना. कोठीले चिटकन, पेटीले चिटकन," मी म्हटलं,
आणि मागं मालक नाही ना, ते बघितलं.
काउंटरवर शुद्ध बोलायचं असतं.

त्यानं शटरला लावून पाहिलं. लागलं.
माझ्या किल्ल्यांना लावलं. लागलं.
माझ्या जेवणाच्या डब्याला लागेना.
"तुमचा डबा डुप्लिकेट हाये, बाई."
साठ रुपये, मी म्हटलं.
त्यानं चुंबक खाली ठेवलं.
कंपासपेटी बंद केली.
बंद केली तरी तिथंच उभा.

तुटलेला माल तीस रुपयांत जातो,
भिंतीवर मालकाच्या अक्षरात तसं लिहिलंय.
वाघाचा डावा कान मघाशी शाबूत होता.
"हे घे," मी म्हटलं, "कान नाही याले. तीस."
त्यानं वाघाकडं पाहिलं, माझ्या अंगठ्याकडं पाहिलं.
पैसे मोजून दिले. दहा परत, तेही मोजले.
दारापर्यंत गेला आणि वळला:
"अन् थो कान?"

मी काउंटरखाली गुडघे टेकले.
फरशीवर चकमकीची धूळ, एक बोराची बी,
आणि तो कान, गव्हाच्या दाण्याएवढा.
बिलाच्या कागदात पुडी करून दिला.
"फेविक्विकनं बसन," तो म्हणाला. मला नाही, पुडीला.

बाहेर ढोक मॅडम डोकी मोजत होत्या,
एकसष्ट, एकसष्ट, पुन्हा एकसष्ट,
मग तो पळत गेला.
एसटीच्या पत्र्याला त्यानं वाघ लावून पाहिला. पडला.
उचलून खिडकीच्या गजाला लावला.
तिथं बसला.

संध्याकाळी वहीत लिहिलं: चुंबक, वाघ, डॅमेज, एक.
अंगठ्याचं नख अजून दुखतं.
डायनासोरनं मान वळवली
रिकाम्या वाटेकडं, आणि लाइन गेली,
तसाच राहिला तो, आमच्या जुन्या विहिरीकडं बघत.