काळी काच

तेमाच्या गोदीत, कोरड्या धक्क्यावर,
जहाजाच्या पोटाशी उकिडवा बसून
म्हातारा लान्ते मला पहिल्या दिवशी म्हणाला होता:
ओदार्ते, हात भाजला तर लगेच कळतं.
डोळ्याचं तसं नसतं.
डोळा आधी बघून घेतो, वसुली रात्री येते.

तेरा वर्षं झाली.
परवा रात्रपाळीत मुखवटा कपाळावर सरकवला होता
आणि पलीकडच्या पोराने कांडी टेकवली.
एवढंच. पापणी लवायच्या आतला उजेड,
निळा, आणि खरं सांगू, सुंदर.

मुखवटा वर का केला होता
ते कुणी विचारलं नाही.
हातात फोन होता.
फोनमध्ये एक बाई, जिचं नाव मला माहीत नाही,
जिला माझं नाव ठाऊक असायचं कारण नाही.
तेही असंच, घडीभर.
रोज घडीभर.

घरी आलो, केंके आणि तळलेली मासळी खाल्ली, झोपलो.
दोन वाजता कुणी तरी पापण्यांखाली वाळू ओतली.

देदे उठली. दिवा लावला नाही.
अंधारातच कच्चा बटाटा कापला,
चकत्या माझ्या डोळ्यांवर ठेवून
हाताने धरून बसली पहाटेपर्यंत.
वाटलं, सांगून टाकावं. दोन्ही उजेडांबद्दल.
ओठांपर्यंत आलं.
ती म्हणाली, हलू नकोस, चकती घसरते.

रविवारी डोळ्यांवर तिच्याच डोक्याचा रुमाल बांधून
तिच्या खांद्यावर हात ठेवून उपासनेला गेलो.
पोरं हसली.
पाळकांनी आजाऱ्यांच्या यादीत माझं नाव वाचलं.
पंखा एका बाजूला घासत होता.
तबकात नाणी पडत होती,
मध्येच एखादी नोट, आवाज न करता.
आणि गाणाऱ्यांमध्ये एक आवाज
खालच्या पट्टीतला, सुरावर जरा उशिरा पोचणारा.
देदे.
किती वर्षं ऐकलीच नव्हती मी तिला.

प्रार्थनेत मोहाचं वाक्य आलं
तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटलेले असतील.
माझे बांधलेलेच होते.
प्रभू, ही माझी कमाई नव्हे, तुला माहीतच आहे.

सोमवारी कामाआधी फोन लान्तेपुढे धरला.
त्याने पत्र्याची पेटी उघडली, विचारलं काही नाही.
पेटीत आधीच तीन फोन होते.

संध्याकाळी तो परत मिळतो.
घरी जाताना मांडीला त्याचं वजन लागत राहतं.
देदेला मी अजून सांगितलेलं नाही.

मुखवटा खाली ओढला की
आधी काहीच दिसत नाही,
काळी काच आणि माझाच गरम श्वास.
मग कांडी टेकते
आणि चिमूटभर उजेडात
तेवढंच दिसतं, जे जोडायचं आहे.