ठाकूरसिंगची पाठ

सोळा वर्षं मी त्याच्या मागं उभा राहिलो.
चेहरा विचाराल तर चहाच्या गाड्यावरचा आठवतो,
खेळातला नाही.
खेळातली फक्त पाठ:
निळ्या जर्सीवर सुईदोऱ्यानं टाचलेला तीन,
पटक्याखाली मानेची घामेजली खोबण
आणि डाव्या खांद्याचा किंचित उतार,
ज्यावरून मला कळायचं
चेंडू कुठून येणार.

खालसा शाळेचं मैदान तेव्हा मुरमाचं.
पडलं की गुडघ्यात खडे.
स्टिकला तो सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचा,
फुकट, कारण पंक्चरवाल्याचा मेहुणा
आमचा लेफ्ट आउट.

गोल झाला की पोरं पुढच्यांना खांद्यावर घेत.
गोल खाल्ला की सगळं नांदेड
आम्हा दोघांकडं बघायचं.

पेनल्टी कॉर्नरला रेषेमागं आम्ही पाच जण.
तिघं मनातल्या मनात कुणाकुणाचं नाव घेत.
हा नाकातून एकदा फुर्र करायचा
आणि सरळ फटक्याच्या तोंडात.
मांडीवर जांभळे चेंडू उमटत, शिवणीसकट.
रात्री इतवाऱ्याच्या कारखान्यातून बर्फाची लादी,
भुशात लोळवून, पोत्यात, कॅरिअरवर.
मी फोडायचो, तो गुडघ्यावर धरायचा,
"नागोराव, आपला खेळ काय,
दिवसा मुरूम, रात्री बर्फ."

गिरणीनं घेतला रोजंदारीवर. कागदावर साचेवाला,
साचा त्यानं कधी हातानं शिवला नाही.
गिरणी धापा टाकू लागली तसं रेल्वेचं बोलावणं आलं,
सिकंदराबादहून.
"माझा गोली घ्याल तर येतो," हा साहेबाला म्हणाला.
साहेब हसला. हा हसला नाही.
मला नोकरी लागली.

मधे एक वर्ष त्याला उसना दिला बिलासपूरला.
त्या वर्षी माझ्यापुढं एक देखणा पोरगा होता,
भांग कधी न मोडणारा.
मी अठ्ठावीस गोल खाल्ले.

त्याच्या नावावर गोल एकच,
तोही आपल्याच जाळीत,
त्याच्या काठीला लागून, माझ्या पायांमधून.
तेवढ्यापुरतं पेपरात नाव आलं:
ठाकूरसिंग घडीराज.
घडीसाज रे, घडीसाज, तो दिवसभर सांगत फिरला,
आणि कात्रण पाकिटात ठेवलं.

मग ते हिरवं आलं.
पुण्याला पहिल्यांदा पाहिलं. सामन्याआधी
नळीनं पाणी मारत होते.
तो काठावर उकिडवा बसला,
"आपल्याकडं तिसऱ्या दिवशी नळ,
आणि इथं ज्याला मूळ नाही त्याला पाणी?"

मुरमावर चेंडू आधी ऐकू येतो, मग दिसतो.
तो कानानं खेळणारा माणूस.
हिरव्यावर चेंडू न बोलता यायचा.
खांद्याचा उतार उशिरा पडू लागला,
अर्ध्या श्वासानं.
कुणाला कळलं नाही. मला कळलं.
मी कुणाला सांगितलं नाही,
फक्त एक पाऊल पुढं उभा राहू लागलो.

दीड हंगाम असा काढला.
मग एके दिवशी भुसावळच्या फलाटावर
तिकीट तपासनिसाचा काळा कोट घालून तो उभा,
आणि कोटाच्या पाठीवर आकडाच नाही.
मला क्षणभर ओळखू आला नाही.

यंदाच्या स्पर्धेला आम्ही जाळीमागच्या खुर्च्यांवर.
चहा बशीत ओतून त्यानं विचारलं,
समोर बघतच,
"खरं सांग, मी मधे यायचो का रे तुझ्या?
दिसायचा का तुला चेंडू?"
"नाही," मी म्हणालो. "कधीच नाही."
तो कितीतरी वेळ हसत राहिला, बशी सांडेपर्यंत.

मग उठला. डावा गुडघा कडकला.
खांदा उतरला,
आणि मी, हातात कप,
एक पाऊल उजवीकडं सरकलो.